कामाला गावात बसायला जागा द्या

दर महिन्याला एक तरी फाईल आमच्या सोप्यावर येते. प्लास्टिकची, बटणाची, कोपरे दुमडलेली. ती घेऊन येणारे बहुधा वडील असतात, कधी मामा. मुलगा किंवा मुलगी मागे अंगणात उभी. आत पदवीची गुणपत्रिका, मामलेदार कार्यालयातून काढलेला पंधरा वर्षांचा निवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड, संगणकाच्या कोर्सचे प्रमाणपत्र, आणि सगळ्यात खाली आमदारांना दिलेल्या अर्जाची झेरॉक्स. गेल्या महिन्यात आलेल्या काकांनी फाईल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बाये, हिला कुठे तरी लाव. बी.कॉम. होऊन सहा वर्षे झाली."

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. पुण्यातल्या एका मध्यम कंपनीचे हिशेबाचे काम घरून करते. बिले तपासणे, जीएसटीची जुळवणी, महिनाअखेरीला थकबाकीची यादी, असे काम. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून घरी आले ती परत गेले नाही. त्यामुळे गावात समज असा की माझी कुठे तरी ओळख आहे, मी शब्द टाकला की काम होईल. काकांना चहा दिला, फाईल चाळली, आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या मुलीशीच जास्त बोलले. त्या तासाभरात जे सांगितले आणि जे सांगायचे राहून गेले ते इथे लिहिते आहे, कारण अशा फाईली आमच्या एकाच वाड्यावर चार-पाच आहेत.

आपल्याकडे नोकरी लागते, नाही तर कोणी तरी लावतो. नोकरी आपण शोधायची असते, तिच्यासाठी काही करून दाखवायचे असते, ही भाषा आपल्या घरांत कमी ऐकू येते. यात मुलांचा दोष मी मानत नाही. त्यांच्या वडिलांनी, मामांनी जे पाहिले तेच त्यांच्या कानावर पडले. सरकारी खात्यात ऑर्डर निघते, मग जन्माची काळजी मिटते. ती निघेपर्यंत थांबायचे. थांबणे आपल्याला परवडतेही, कारण घर स्वतःचे असते, परसात नारळ असतो, कोणाचे छोटेसे कुळागर म्हणजे पोफळीची बाग, कोणाचा भाऊ बोटीवर. केंद्राच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात गोव्याचा बेरोजगारीचा दर ८.५ टक्के होता, देशाचा ३.२. दरडोई उत्पन्नात पहिल्या काही राज्यांत असणाऱ्या गोव्याचा हा आकडा आहे. उपाशी माणूस मिळेल ते काम धरतो आणि बेरोजगारांच्या यादीतून बाहेर पडतो. आमची मुले उपाशी नाहीत, ती थांबलेली आहेत, आणि थांबण्यात त्यांची पंचविशी जाते.

थांबणाऱ्यांचा फायदा घेणारेही निघतात. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारी नोकरी देतो असे सांगून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या, अटका झाल्या. पैसे देणारे लोक काही श्रीमंत नव्हते. दागिने मोडून, कर्ज काढून दिलेले पैसे होते ते. गोव्याच्या कर्मचारी निवड आयोगाची संगणकावरची परीक्षा आली आहे हे चांगलेच आहे, आणि ज्यांना ती द्यायची त्यांनी मन लावून द्यावी. पण परीक्षा आणि निकाल यांच्या मधल्या काळात रिकामे बसू नये, एवढे तरी प्रत्येक घराने ठरवावे.

आमच्या पट्ट्याची आणखी एक अडचण आहे. सत्तरी, डिचोली, सांगे, धारबांदोडा इथे एके काळी फारसे न शिकलेल्यालाही खाणीवर काम मिळे, शिकलेल्याला खाणीच्या ऑफिसात. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. लिलाव होऊन काही पट्टे आता चालू आहेत, पण पूर्वीचे दिवस परत येतील अशा आशेवर कोणी मुलांचे आयुष्य मांडू नये. बाकीचे काम आहे ते किनाऱ्यावर, पणजीत आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. आमच्या गावाहून वेर्ण्याला जायचे तर आधी वाळपई, मग फोंडा किंवा पणजी, मग पुढची बस. जायला अडीच तास, यायला अडीच. माझ्या ओळखीच्या एका मुलीने ते आठ महिने केले. पहाटे पाचला उठायची, रात्री नवाला घरी. पंधरा हजार पगारातले चार हजार भाड्यात आणि चहापाण्यात जायचे. तिने सोडले तेव्हा लोक म्हणाले, आजच्या मुलांना कष्ट नकोत.

घरून काम ही सोय आमच्यासारख्या गावांना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल असे मला वाटते ते यामुळे. पण गोव्यात हा विषय निघाला की बोलणे लगेच किनाऱ्यावर जाते. आसगाव, शिवोली, मांद्रे इथे लॅपटॉप घेऊन येणारे दिल्ली-बेंगळुरूचे लोक, त्यांच्यामुळे वाढलेली घरभाडी, त्यांच्यासाठी किनाऱ्यावर को-वर्किंगच्या जागा काढण्याच्या घोषणा. येणाऱ्यांवर माझा राग नाही. ते कष्ट करतात, भाडे देतात, दोन माणसांना कामही देतात. माझे म्हणणे सरळ आहे: बाहेरच्या माणसाला गोव्यात बसून बाहेरचे काम करता यावे म्हणून जेवढा विचार होतो, तेवढाच विचार सत्तरीतल्या ठाणे, केरी, पिसुर्ले अशा गावांतल्या मुलीला गावात बसून बाहेरचे काम करता यावे म्हणून व्हायला हवा. आणि तो सरकारने करायचा आहे तसा आपणही करायचा आहे. आपल्या वाटणीचे आधी सांगते.

काकांच्या मुलीला मी पहिली गोष्ट विचारली, कुठे अर्ज केलेस? तिने मोबाईल दाखवला. टेलिग्रामवर कोणी तरी निरोप पाठवला होता, रोज दोन तास काम, व्हिडिओला लाईक करायचे, दिवसाला हजार-दोन हजार मिळतील. पहिल्या दिवशी तिला खरेच दीडशे रुपये आले होते. पुढच्या कामासाठी दोन हजार भरायचे होते. ती भरणार होती. ही जुनी युक्ती आहे आणि तिच्यात शिकलेली माणसेही सापडतात. आधी थोडे देतात, मग थोडे भरायला लावतात, मग अडकलेले सोडवायला आणखी. म्हणून एकच नियम पाठ करायचा: काम देणारा पैसे देतो, मागत नाही. नोंदणीचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे, पडताळणीचे, कसलेच पैसे मागत नाही. मागितले की तिथेच थांबायचे. पैसे गेलेच तर लाजून घरात बसायचे नाही, त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

परदेशाच्या बाबतीत तर जिवाची गोष्ट आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार लाखभर, असे सांगून नेलेली मुले म्यानमारच्या सीमेवरच्या फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधल्या मे सोतहून ५४९ भारतीयांना परत आणले. गोव्याच्या माणसाला परदेशाचे अप्रूप नाही, आपल्या घरोघरी आखाताचा, विलायतेचा, बोटीचा माणूस आहे. त्यामुळेच आपण लवकर विश्वास ठेवतो. एजंट केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते पाहावे. नोंदलेल्या एजंटालाही तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, म्हणून जायचे असेल तर एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना लागतो, आणि ती खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेऊ शकत नाही. हे ठाऊक असलेला एक माणूस घरात असला तरी पुष्कळ घरे वाचतील.

दुसरी गोष्ट त्या फाईलीबद्दल. आपला बायोडाटा वडिलांच्या नावापासून सुरू होतो, मग धर्म, जात, वैवाहिक स्थिती, शेवटी छंद: वाचन आणि क्रिकेट. दूर बसून माणूस निवडणाऱ्याला यातले काहीच नको असते. त्याला पाहायचे असते की या माणसाला मी काम दिले तर ते होऊन परत येईल का. काकांच्या मुलीला मी म्हटले, तुझ्या वाड्यावरच्या दुकानाची तीन महिन्यांची बिले घे, नावे काढून टाक, आणि एक्सेलमध्ये खरेदी, विक्री, उधारी असा तक्ता करून मला दाखव. आठ दिवसांनी ती घेऊन आली. पहिल्या तक्त्यात बेरीज चुकली होती, तारखा दोन तऱ्हेने लिहिल्या होत्या, काही ठिकाणी महिना आधी आणि दिवस नंतर. दुरुस्त करायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. तो तक्ता आता तिच्या अर्जासोबत जातो, आणि वर दोन ओळी: मी काय करू शकते, दिवसातले किती तास मोकळी आहे. सहा वर्षांत आलेली नव्हती अशी गोष्ट पंधरवड्यात घडली, एका ठिकाणाहून तिला उलट फोन आला. नोकरी मिळाली नाही. पण कोणी तरी विचारले, याने तिच्या चेहऱ्यात पडलेला फरक मी पाहिला आहे.

अर्ज कुठे करायचा, हा पुढचा प्रश्न. मोठ्या कंपन्यांची नावे सगळ्यांना ठाऊक, म्हणून हजारो अर्ज तिथेच जातात. पण त्याच कंपन्या आता माणसांना परत ऑफिसात बोलावत आहेत. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस यायला सांगितले, ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून. लहान कंपन्या, कर सल्लागारांची ऑफिसे, वकिलांची ऑफिसे, प्रकाशने, ऑनलाइन विक्री करणारे दुकानदार यांना मात्र पूर्ण वेळचा माणूस परवडत नाही आणि काम तर असते. तिथे दिवसाचे चार तास, महिन्याची ठरलेली रक्कम अशी कामे मिळतात. आपल्या म्हापशा-मडगावातही मिळतात. पुण्या-मुंबईचेच नाव कशाला पाहिजे? म्हापशाच्या व्यापाऱ्याचे हिशेब वाळपईहून झाले तर तेही घरून कामच.

आपल्याकडे एक भांडवल आहे ते आपल्या ध्यानात येत नाही. गोव्यात वाढलेले मूल मराठी वाचते, कोकणी बोलते, हिंदी समजते, इंग्रजीत शिकलेले असते. ग्राहकांशी बोलणारा, चार भाषांतली पत्रे वाचून उत्तरे देणारा माणूस कंपन्यांना लागतो. यात एक सावधगिरी हवी. नुसते टायपिंग, नुसते भाषांतर, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवणे ही कामे यंत्रे झपाट्याने घेत आहेत, त्यांचे दर पडले आहेत. त्याच कामातली तपासणी मात्र राहिली आहे. यंत्राने केलेल्या मराठी मजकुरात कुठे चूक आहे, सात-बाराचा उतारा आणि आपला गोव्यातला एक-चौदाचा उतारा यांत काय फरक, ‘कुळ’ आणि ‘मुंडकार’ म्हणजे कोण, हे ज्याला कळते त्याची गरज संपलेली नाही. म्हणून जे शिकायचे ते कशाचे तरी जाणकार होण्यासाठी शिकावे. हिशेब शिकायचे असतील तर जीएसटीचे विवरण स्वतः भरता येईपर्यंत शिकावेत.

आता कागदाबद्दल, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. पुण्याच्या आधी मी एका कंपनीसाठी पाच महिने काम केले. सगळे व्हॉट्सॲपवर ठरले होते. पहिले तीन महिने पैसे वेळेवर आले. मग एका महिन्याला अर्धे, मग काहीच नाही, मग फोन उचलणे बंद. माझ्याकडे दाखवायला काय होते? निरोपांचे फोटो. नेमणुकीचे पत्र नव्हते, कंपनीचा पूर्ण पत्ता नव्हता, मी नोकर होते की बाहेरची सल्लागार हेही कुठे लिहिलेले नव्हते. दीड महिन्याचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून कळकळीने सांगते, पहिल्या दिवसाच्या आधी कागद मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. पत्रात मालकाचे पूर्ण नाव, पगार, कामाचे तास, सुट्ट्या, सोडायची मुदत, लॅपटॉप कोणाचा आणि इंटरनेटचे बिल कोण भरणार हे असावे. वीस किंवा जास्त माणसांची कंपनी असेल तर भविष्यनिर्वाह निधीत तुमचे १२ टक्के आणि मालकाचे तेवढेच जायला हवेत. ‘कन्सल्टंट’ म्हणून घेत असतील तर हे काहीच मिळत नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाळंतपणाची रजा नाही. मग आकडा त्या हिशेबाने मागायचा. नोकर म्हणून वीस हजार आणि कन्सल्टंट म्हणून वीस हजार या दोन निराळ्या रकमा आहेत. कन्सल्टंटच्या बिलातून १० टक्के कर कापून घेतला तर घाबरायचे नाही, उत्पन्न करपात्र नसेल तर विवरण भरून तो परत मिळतो. पण विवरण भरावे लागते, आणि आपली मुले ते भरत नाहीत म्हणून हक्काचे पैसे पडून राहतात.

घरातली तयारी हा विषय लोक हसण्यावारी नेतात. सत्तरीत राहणाऱ्याने नेऊ नये. मे संपत आला की संध्याकाळी ढग गडगडतात, आणि पहिल्या कडकडाटाला वीज जाते. मी काय करते ते सांगते. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला आहे, दीड-दोन हजारांत येतो, तीन-चार तास इंटरनेट चालू राहते. लॅपटॉप दुपारी चारच्या आत पूर्ण चार्ज करून ठेवायचा. घरी फायबर एका कंपनीचे असेल तर मोबाईलचे सिम दुसऱ्या कंपनीचे, म्हणजे एक पडले तरी दुसरे असते. वीज जवळ कडाडू लागली की राउटरची वायर आणि फायबरचे यंत्र भिंतीपासून सोडवायचे. एका जूनमध्ये मी दहा मिनिटे आळस केला आणि दोन्ही जळाली, आठ दिवस वाळपईला मैत्रिणीकडे जाऊन काम केले. वीज खाते दुरुस्तीसाठी कुठे कधी वीज बंद ठेवणार ते आधी वर्तमानपत्रात येते, ते रोज पाहायचे आणि ऑफिसला आदल्या दिवशी कळवायचे. दूरच्या माणसाला तुमच्या गावातला पाऊस दिसत नाही. न सांगता गायब झालात तर त्याला वाटते तुम्ही काम टाळता. सांगून गायब झालात तर तो थांबतो. माझी नोकरी इतकी वर्षे टिकली याला माझ्या हुशारीपेक्षा ही सवय जास्त कारणीभूत आहे.

आणि घरच्यांना सांगावे लागते. बाई घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असे सगळ्यांना वाटते. गॅसवाला आला, पाहुणे आले, चवथीची माटोळी बांधायची, बँकेत जायचे, सगळे तिनेच. माझ्या सासूबाईंना सुरुवातीला वाटायचे मी दिवसभर यंत्रापुढे बसून गप्पा मारते. एक दिवस मी त्यांना बाजूला खुर्ची देऊन बसवले आणि एका बिलावरची चूक कशी पकडते ते दाखवले. त्यानंतर दुपारी दारावर कोणी आले की त्याच सांगतात, "ती कामात आहे, पाचनंतर या." ज्या घरात शिकलेली सून किंवा लेक घरून काम करते आहे त्या घरातल्या पुरुषांनी एवढे करावे, की त्या वेळेला स्वयंपाकघर आपण सांभाळावे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूदही आली. किती जणींनी ती मागितली? बहुतेकींनी नोकरीच सोडली.

घरून काम म्हणजे शहरातल्या कंपनीला स्वस्त मजूर पुरवणे, असा एक आक्षेप मी पणजीच्या एका चर्चेत ऐकला. त्यात तथ्य आहे. गावात राहतेस म्हणून तुला खर्च कमी, असे म्हणून पगार कमी करणारे लोक भेटतात. रात्री अकराला निरोप पाठवून सकाळपर्यंत उत्तर मागणारेही भेटतात. ऑफिसात निदान दिवे बंद होतात, घरी ते बंद करणारा कोणी नसतो. पोर्तुगालने जानेवारी २०२२ पासून कायदाच केला की कामाच्या वेळेबाहेर मालकाने कामगाराशी संपर्क करायचा नाही, आणि घरून कामामुळे वाढलेला विजेचा, इंटरनेटचा खर्चही मालकाने द्यायचा. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली आणि पुन्हा २०२५ साली कामाबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले, त्याचा कायदा झालेला नाही. तो व्हावा असे मला मनापासून वाटते. पण शोषण होते म्हणून हा मार्गच नको, हे मात्र पटत नाही. पाच तास बसमध्ये घालवणाऱ्या त्या मुलीचेही शोषणच होत होते, फक्त ते कोणाच्या डोळ्यांवर येत नव्हते.

दुसरा आक्षेप, घरून काम करणारा माणूस एकटा पडतो. हा मला जास्त लागतो, कारण तो खरा आहे. पहिल्या वर्षी असे दिवस गेले की घरच्यांखेरीज कोणाशी बोलले नाही. कामातली अडचण विचारायला शेजारच्या खुर्चीवर कोणी नाही, नवे काही शिकवणारा वरिष्ठ नाही. बावीस वर्षांच्या मुलाने तर शक्य असेल तर पहिली दोन वर्षे ऑफिसात जाऊन काम शिकावे, मग गावात यावे. ज्याला ते शक्य नाही त्याच्यासाठी गावातच चार माणसांनी एकत्र बसण्याची सोय हवी, आणि इथे सरकारची वाटणी सुरू होते.

केंद्राने आपल्यापुरता रस्ता मोकळा केला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने कॉल सेंटर, बीपीओसारख्या कंपन्यांवरच्या नोंदणीच्या आणि बँक हमीच्या अटी काढल्या, आणि घरून किंवा कुठूनही काम करायला मोकळीक दिली. राज्यात पंचायतींपर्यंत ब्रॉडबँडची जाळी गेली. पण पंचायत घराच्या भिंतीपर्यंत आलेली वायर समोरच्या मुलीच्या उपयोगी पडत नाही, कारण पंचायत घर चार-पाचला बंद होते आणि आत बसायला जागा नसते. टाळेबंदीत मुले नेटवर्कसाठी डोंगरावर चढून शिकली, ते फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. सत्तरी-सांग्याच्या आतल्या वाड्यांवर आजही तीच माळरानाची जागा मुलांना ठाऊक आहे.

मला जे हवे ते मोठ्या आयटी पार्कसारखे नाही. पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेले. तिथे कोणत्याही दिवशी जा, मुले परीक्षेचा अभ्यास करत बसलेली दिसतात. पंखा, उजेड, शांतता आणि नळाचे पाणी एवढ्यासाठी लांबून येतात. तालुक्याच्या, गावाच्या ग्रंथालयांत, रवींद्र भवनात, बंद पडलेल्या सरकारी प्राथमिक शाळांच्या वर्गांत तशी एकेक खोली निघू शकते. पटसंख्या नाही म्हणून बंद झालेली शाळा आमच्या बाजूला आहे. छप्पर धड आहे, वीज जोडलेली आहे, व्हरांड्यात गुरे बसतात. तिथे सहा टेबले, एक फायबर, एक इन्व्हर्टर आणि दार उघडणारा एक माणूस ठेवला तर त्याच खोलीत सकाळी परीक्षेचा अभ्यास करणारे बसतील, दुपारी आमच्यासारखे काम करणारे, संध्याकाळी कोणी तरी लहान मुलांना संगणक शिकवील. रोजगार मेळावा भरवायला जो मंडप लागतो त्याच्या खर्चात अशी एखादी खोली वर्षभर चालेल, असा माझा अंदाज आहे.

आणखी एक मागणे रोजगार खात्याकडे. कार्ड काढताना मुलाचे शिक्षण विचारतात, घरून काम चालेल का हे कोणी विचारत नाही. तो एक रकाना वाढवावा. म्हापशा-मडगावच्या, वेर्ण्याच्या ज्या कंपन्यांना दूरच्या माणसाकडून काम करून घेता येईल त्यांची यादी करावी, आणि नेमणूकपत्र देणाऱ्या कंपन्याच त्यात घ्याव्यात. खात्याने मध्ये उभे राहिले तर टेलिग्रामवाल्यांचे निम्मे गिऱ्हाईक कमी होईल.

काकांची मुलगी आता दर मंगळवारी माझ्याकडे येते. डिचोलीच्या एका कर सल्लागाराने तिला महिन्याला सहा हजारांवर विक्रीच्या नोंदी करायला दिल्या आहेत, रोज तीन तास. पत्र तिने मागून घेतले. ती ते मागायला लाजत होती, म्हणून मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिला. काका अजून म्हणतात, ही काय नोकरी, ऑर्डर कुठे आहे? निवड आयोगाची जाहिरात येईल तेव्हा ती फॉर्म भरणार आहे, त्याचा अभ्यासही चालू आहे. बंद शाळेच्या खोलीसाठीचा अर्ज आम्ही अकरा जणांच्या सह्यांनी पंचायत सचिवांकडे दिला असून पोच घेतली आहे. पुढच्या ग्रामसभेत तो विषयपत्रिकेवर यावा म्हणून सरपंचांना भेटलो. त्यांनी विचारले, इन्व्हर्टरचे बिल कोण भरणार. आम्ही महिन्याला माणशी शंभर रुपये द्यायला तयार आहोत, हे आता अर्जाखाली लिहून देतो आहोत.